लपवू नका, सोबत जा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





शिक्षकाने मेळाव्यात अभ्यासावर बोलावे अशी रीत आहे. मी आज दारूवर बोलणार आहे. "आपल्या समाजात दारू कुठली? ती तर हराम आहे," असे वडीलधारी मंडळी म्हणतील. हराम आहे हे खरेच. पण म्हणूनच ती आपल्याकडे लपून प्यायली जाते आणि पिणाराही लपूनच संपतो. शेजाऱ्यांना कळू नये, मुलीचे लग्न मोडू नये, या भीतीने आपण त्याच्या उपचाराची वाटही बंद करतो.

या दोषात मीही सामील होतो. माझे एक मामेभाऊ कारखान्यात फिटर आहेत. मला मामेभाऊ नऊ आहेत, तेव्हा ते कोण हे शोधत बसू नका. ही हकीकत त्यांच्या परवानगीनेच सांगत आहे. पगार झाला की चार-चार दिवस ते कामावर जात नसत. मग भाभी माझ्याकडे येत आणि मी वळणदार अक्षरात रजेचा अर्ज लिहून देई. कधी ताप, कधी कावीळ. मला वाटे, मी त्यांचे घर वाचवतो आहे. प्रत्यक्षात मी त्यांच्या पुढच्या बाटलीची सोय करत होतो. शपथा झाल्या, रडारड झाली. रमजानचा महिना कोरडा जाई आणि ईद झाली की पुन्हा तेच.

शेवटी एका डॉक्टरांनी आमचे डोळे उघडले. ते म्हणाले, "हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर अंग थरथरते, फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेतते. म्हणून पहिले काही दिवस उपचार घ्या. पण दवाखान्यातून सुटल्यावर खरी परीक्षा आहे." असे म्हणून त्यांनी चिठ्ठीवर एक पत्ता आणि वार लिहून दिला.

तो पत्ता 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे 'ए. ए.'च्या मीटिंगचा होता. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे काम उभे राहिले. एका दारुड्याचे म्हणणे दुसऱ्या दारुड्याला जसे पटते तसे उपदेशकाचे पटत नाही, एवढेच त्यांचे भांडवल. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

पहिल्या आठवड्यात आम्ही समोरच्या हॉटेलात चहा पिऊन परत आलो. मीटिंग चर्चच्या आवारातील खोलीत होती. भाऊ म्हणाले, "कुणी बघितले तर काय म्हणतील? शिवाय हा त्यांच्या धर्माचा प्रकार असेल." माझ्याही मनात तीच शंका होती. दुसऱ्या आठवड्यात मात्र मी त्यांचा हात सोडला नाही. ती मीटिंग नातेवाइकांनाही खुली होती.

आत दहा-बारा माणसे होती. एकेक जण उठे, फक्त पहिले नाव सांगे, "मी मद्यपी आहे" म्हणे आणि आपली कथा सांगे. कुणी आडनाव विचारले नाही, जात, धर्म, पगार विचारला नाही. फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. जागा चर्चची असली तरी ही संघटना कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही. ईश्वराचा उल्लेख होतो, पण तो ज्याला जसा उमगला तसा. शेवटी सर्वांनी उभे राहून प्रार्थना केली, तेव्हा भावांनी मनात आपली दुआ मागितली. एका वृद्ध सभासदाने त्यांना सांगितले, "जन्मभराचे बोलू नका. आजचा दिवस पिऊ नका. उद्या परत या."

तीन महिन्यांनी भाऊ पुन्हा प्याले. यावेळी मी अर्ज लिहिला नाही. दुसऱ्या संध्याकाळी ते आपल्या पायांनी मीटिंगला गेले आणि सर्वांसमोर खरे बोलले. आज ते सावरले आहेत. "किती वर्षे झाली?" असे विचारले तर म्हणतात, "आजचा दिवस झाला."

पालकहो, घरात असे कुणी असेल तर आधी डॉक्टरांना किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला विचारा. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. एक मीटिंग मनाला पटली नाही तर दुसरीकडे जा. पिणारा येत नसेल तरी तुम्ही जा. घरच्या माणसांसाठी १९५१ साली सुरू झालेली 'अल-अनॉन' ही वेगळी संघटना आहे. भाभी तिथे गेल्या आणि नवऱ्यासाठी खोटे बोलायचे थांबल्या.

विद्यार्थी मित्रांनो, वडील पितात तो तुमचा गुन्हा नाही आणि ते गुपित तुम्ही एकट्याने वाहायचे ओझेही नाही. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा. माझ्याकडे आलात तर गोष्ट माझ्यापाशीच राहील. दारू हराम आहे, आजारी माणसाचा हात धरणे हराम नाही.

खुदा हाफिज. जय हिंद.