बालकांचे अपघात व मातांची सावधता
(मातांच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या आनंदाच्या प्रसंगी दुखापतींचा विषय काढावा हे कोणास विचित्र वाटेल. परंतु ज्या लेकरांच्या किलबिलाटाने हे सभागृह आज भरले आहे, त्यांच्याच जिवाचा हा प्रश्न आहे. म्हणून तो येथेच मांडणे आम्हांस योग्य वाटले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत आपल्या वागळे इस्टेटीची गणना होते. कारखान्यांच्या आश्रयाने किसननगरासारख्या दाट वस्त्या वाढल्या. तेथील पुष्कळ बिऱ्हाडे एका-दोन खोल्यांची; जेथे शेगडी तेथेच पाळणा, तेथेच पाण्याचे पिंप. कारखान्यात धोक्याच्या यंत्राभोवती कठडा असतो. घरात तो आपणांसच घालावा लागतो.

प्रथम भाजण्याविषयी. कढत चहा वा आमटी अंगावर सांडताच हळद, तूप किंवा टूथपेस्ट फासण्याची चाल आपल्याकडे आहे. ती सोडावी. अशा लेपाने दाह शमत नाही, जखम मात्र झाकली जाते व दूषित होते. भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या थंड पाण्याखाली धरावा; नळास पाणी नसल्यास तांब्याने ओतीत राहावे. बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत, चिकटलेले वस्त्र ओढू नये. सूज येण्यापूर्वी कडे-बांगड्या काढाव्यात, मग स्वच्छ कापड झाकून डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या भाजण्यासाठी जवळच ऐरोलीस नॅशनल बर्न्स सेंटर आहे.

दुसरा धोका मुका आहे. रांगत्या बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून ते तोल गेल्याने पडले, तर त्यास उलटून वर येता येत नाही व ओरडताही येत नाही. म्हणून पिंपास घट्ट झाकण असावे आणि बादली वापरून होताच रिती करावी.

तिसरे, घशात चणा, शेंगदाणा किंवा नाणे अडकणे. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच बंद झाला, तर वर्षाच्या आतील बालकास हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात; नंतर उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबावे. न दिसणारी वस्तू बोट घालून शोधू नये.

रॉकेल वा फिनेल पोटात गेल्यास उलटी करवू नये. ते फुप्फुसांत शिरण्याचे भय असते. अशी द्रव्ये सरबताच्या बाटलीत कदापि ठेवू नयेत. वरील प्रत्येक संकटात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

आणखी एक गोष्ट. आई पाळीवर गेली असता मूल आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असते. हे सर्व त्यांसही शिकवावे. अपघात झाला की घरची माणसे प्रथम आईस बोल लावतात. त्या बोलाच्या भयाने मुले काय गिळले ते लपवितात आणि माताही डॉक्टरांकडे जाण्यास कचरतात. हा विलंब जखमेहून घातक होय. यास्तव आपण असा निर्धार करू या की, आपल्या घरात आधी उपचार होईल, विचारपूस मागाहून.