शिंका आणि शरीराचा लगाम



"तू प्रयोगशाळेत करतोस तरी काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं, म्हणून सांगतो.

पावसाळ्यात आपल्याकडे धुऱ्याधुऱ्यावर गाजरगवत फुलतं. त्याच्या परागांनी कुणाला शिंका येतात, त्या 'आयजीई' या प्रतिपिंडामुळे. (निंदणाऱ्या बायांच्या हातांना येणारी खाज वेगळी, तिथे टी-पेशी थेट उतरतात.) हे प्रतिपिंड १९६६-६७ मध्ये ओळखलं गेलं. रक्तात ते अगदी नावापुरतं असतं, कारण ते बनवण्याकडे वळलेल्या बहुतेक बी-पेशी लवकर मरतात. शिवाय नियामक टी-पेशींचा लगाम असतोच. आयएल-४ या रसायनाचा इशारा मिळाला की आयजीई बनतं. जोडीला आयएल-१० आलं की कल आयजीजी-४ या निरुपद्रवी भावंडाकडे झुकतो. वारंवार डंख खाणाऱ्या मधपाळांच्या रक्तात हेच भरपूर सापडतं. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं हीच वाट धरतात, पण त्यांना तीनेक वर्षं लागतात. शिंकांची गोळी मात्र फक्त त्रास थांबवते, कारखाना सुरूच राहतो.

शेतीवाल्यांनो, गाजरगवत फुलण्याआधीच हातमोजे घालून उपटा. दमा असेल त्यानं ते काम दुसऱ्याला द्यावं, आणि पंप आपल्या मनानं बंद करू नये. जेवताना माझ्याजवळ बसा, बाकीचं तिथे बोलू.