परमुलखात शिकवायला जाणारी बाई

(कचारगडच्या पायथ्याशी, धनेगावात जमलेल्या बायकांपुढे केलेले भाषण. बोलीचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. दरेकसा स्टेशनवर उतरून इथवर चालत आलेल्या बायकांपुढे परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याच्या गोष्टी कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण हा विषय मी वरून आणलेला नाही. तयारीच्या बैठकीत आपल्यातल्याच एका आईने तो काढला. मुलगी बी.ए., बी.एड. झाली आहे. इथे तासिका तत्त्वावर, वर्षातले काही महिने काम मिळते. आता कुणी एजंट म्हणतो, थायलंडमध्ये लहान मुलांना इंग्रजी शिकवायचे काम आहे, पगार चांगला आहे. घरातले पुरुष म्हणतात, आधी लग्न उरकू, मग नवऱ्याला विचारून जा. आईने आपल्याला विचारले, मी तिला अडवू की सोडू?

बैठकीत लगेच दोन तट पडले. एकीचे म्हणणे, पोरगी परक्या देशात एकटी कशी राहील. दुसरीचे म्हणणे, मुलगा असता तर हा प्रश्नच आला नसता. दुसरीचे खरेच आहे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही, म्हणून आज जरा मागचे सांगते.

शिकवण्यासाठी एकट्या बाईने समुद्र ओलांडणे आपल्या मुलखाला नवे नाही. फक्त तेव्हा दिशा उलटी होती. १८२७ साली सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई बोस्टनहून जहाजाने निघाली आणि त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईला पोचली. वय तिशी ओलांडलेले. तिच्या दृष्टीने हा उष्ण, रोगराईचा, अनोळखी देश होता. अमेरिकन मिशनने तिला मुलींच्या शाळा पाहण्यासाठी पाठवले होते. मध्यंतरी तब्येतीपायी ती मायदेशी जाऊन आली, १८३९ पासून अहमदनगरला राहिली आणि १८६२ साली तिथेच वारली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण झाले त्यात नगरच्या या फरारबाईंच्या शाळेचे नाव घेतले जाते. जोतीरावांनीही नगरला तिच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या आणि त्या पाहून आपल्याला हुरूप आला असे स्वतः सांगितले आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जी शाळा निघाली, तिच्यामागे अशी एक परदेशी मास्तरीणही उभी आहे.

तिची आरती ओवाळायला मी हे सांगत नाही. ती धर्मप्रसारासाठी आली होती, हे झाकायचे कारण नाही. तिला पाठवणारे पुरुष होते, तिने कुठे राहायचे, काय करायचे हे ठरवणारेही पुरुषच होते. तरीही आपल्या देशात अविवाहित बाईला जी किंमत असते ती मागे टाकून तिने परमुलखात स्वतःचे काम आणि नाव उभे केले. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. इथे आल्यावर तिला मराठी शिकावी लागली. तिच्या शाळांतल्या मुली मराठीत वाचायला शिकल्या. शिकवायला आलेली बाई आधी स्वतः विद्यार्थिनी झाली.

आता आपली बाई तिकडे गेल्याचे उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. विधवा बाई, कडेवर पोर, आणि प्रवासखर्चासाठी स्वतः लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे. १८८४ पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुढे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा भारतातले इंग्रज बिशप आडवे आले. हिंदुस्थानातल्या बाईने पुरुषांना शिकवले तर तिकडे तिची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी पत्रातून उत्तर दिले, त्याचा आशय असा: माझ्या वडिलांनी माझ्या आईला कधी अडवले नाही, माझ्या नवऱ्याने मला अडवले नाही, आणि तुम्ही इंग्रज लोक अडवता याचे मला नवल वाटते. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या देशातही बाईने काय शिकवायचे आणि कुणाला, यावर पहारा होता. आपली मुलगी बँकॉकला गेली म्हणून तो पहारा संपेल अशा भ्रमात तिला पाठवू नका.

आजचा पहारा निराळ्या रूपात असतो. आग्नेय आशियातल्या शाळांच्या जाहिरातींत कित्येकदा ‘मातृभाषा इंग्रजी असलेलेच शिक्षक हवेत’ असे असते. म्हणजे बहुतेक वेळा गोरे हवेत. आपल्या मुलीला इंग्रजी उत्तम येत असले तरी तिच्याकडून भाषेच्या परीक्षेचे गुण मागतात, आणि त्याच शाळेत गोऱ्या शिक्षकाला तिच्याहून जास्त पगार मिळू शकतो. हे तिला जाण्याआधी माहीत असावे. व्हिएतनाममध्ये रीतसर कामाचा परवाना काढायला पदवी, शिकवण्याचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी असे सगळे लागते. मालदीवमध्ये शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत, तिथे भारतातून शिक्षक पूर्वीपासून जात आले आहेत. पण नेमणूक दूरच्या छोट्या बेटावर झाली, तर ये-जा बोटीवर अवलंबून.

एजंटाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण फसवणूक तिथे होते. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला त्याखाली नोंदणी लागते, आणि त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ यादीत तपासता येतो. उमेदवाराकडून तो किती घेऊ शकतो यालाही नियमाने मर्यादा आहे: ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर. लाख-दीड लाख मागणारा माणूस नियम मोडतो आहे, मग तो गावातला असो की नात्यातला. आणि एक गंमत पाहा. दहावी नापास मजूर थायलंड, मलेशिया किंवा आखाती देशांत कामाला जातो तेव्हा त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते, त्या निमित्ताने कुणीतरी त्याचे कागद पाहते. दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे आपली बी.एड. झालेली मुलगी शिकलेली असल्यामुळेच त्या चाळणीतून बाहेर पडते. तिचे कागद तिने आणि आपण संघटनेनेच तपासायचे.

‘आत्ता पर्यटक म्हणून जा, परवाना तिथे गेल्यावर काढू’ असे कुणी सांगितले तर तिथेच नाही म्हणावे. पर्यटक व्हिसावर शिकवणे बेकायदा ठरते, आणि मग पगार बुडवला, हात लावला, तरी तक्रार कुठे करणार? २०२२ साली आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली. थायलंडमध्ये नोकरी म्हणून तरुणांना नेत होते, तिथून म्यानमारच्या हद्दीत नेऊन डांबत होते आणि कॉम्प्युटरवरून लोकांना फसवण्याचे काम करायला लावत होते. त्यात शिकलेली मुले होती. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, हे मुलीला दहादा सांगा.

तर माझे मत विचाराल तर अडवू नका. लग्नाची अट तर मुळीच घालू नका. नवऱ्याची परवानगी हा नोकरीचा कागद नव्हे. पण तिच्याशी आणखी एक बोलणे करायला हवे, आणि ते कचारगडलाच करायला हवे.

या गुहेची कथा तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. तिची रूपे अनेक आहेत. माता कली कंकालीची तेहतीस मुले इथे कोंडली गेली, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवायचे ठरवले, हिरासुका पाटालीरच्या संगीताने मुलांना बळ आले, शिळा सरली आणि तो स्वतः तिच्याखाली गेला. पुढे लिंगोने त्या मुलांना शिकवले. मला कायम वाटत आले आहे की या कथेतल्या जंगोकडे आपण कमी पाहतो. टाकलेल्या मुलांच्या बाजूने उभी राहिलेली ती बाई आहे.

आता आपल्या शाळेतले मूल पाहा. घरी गोंडी, नाहीतर छत्तीसगढी, पोवारी, लोधी. पहिलीत गेल्यावर पुस्तकातली मराठी. शिकवणारी बाई दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेली, तीही बिचारी परमुलखातच आलेली असते, पण मुलांची बोली शिकायला तिला कुणी सांगत नाही आणि सवडही देत नाही. मूल गप्प बसते. मग त्याला मठ्ठ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे घटनेचे कलम ३५०अ सांगते. पण २०१९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःची गोंडी शाळा काढली, तेव्हा मान्यता नाही म्हणून तिला नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

थायलंडच्या ईशान्येला मुले घरी लाओशी जवळची ईसान भाषा बोलतात, पश्चिमेच्या डोंगरात करेन बोलतात, शाळेत थाई असते आणि त्यावर इंग्रजी. म्हणजे आपली मुलगी तिथल्या वर्गात उभी राहील तेव्हा समोर सालेकसा तालुक्यातल्यासारखीच मुले बसलेली असू शकतात. त्यांचे गप्प बसणे तिला कळेल, कारण ती स्वतः तशी बसली आहे. हे तिच्या कुठल्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसेल. तिने जाण्याआधी त्या भाषेतले शंभर शब्द तरी शिकून जावे, असे मी त्या आईला सांगितले आहे. आणि गोंडी बोलायला तिला लाज वाटत असेल, तर ती आधी इथे सोडावी.

जेवणानंतर आपण वडाखाली बसू. नोकरीच्या कराराचा एक नमुना मराठीत करून आणला आहे. पगार कोणत्या तारखेला, राहण्याची खोली कुणाबरोबर, परतीच्या तिकिटाचे पैसे कुणी द्यायचे, आजारी पडल्यास काय, ही कलमे एकेक वाचू. ती मुलगीही येणार आहे. प्रश्न तिलाच विचारा.