शेफील्डचे विद्यार्थिजीवन आणि आपले वसतिगृह

(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज ज्या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली आहे, तो विषय वीस वर्षांपूर्वी कोणी या व्यासपीठावरून मांडला असता, तर निम्मी सभा चहाला उठून गेली असती. यंदा मात्र शिष्यवृत्ती समितीपुढे आलेल्या अर्जांत विलायतेला जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींचे अर्ज बरेच आहेत. त्यांतही लंडनपेक्षा लीड्स, शेफील्ड, न्यूकॅसल ही उत्तर इंग्लंडमधील नावे अधिक दिसतात. कारण विचारावे तर प्रत्येक घरातून एकच उत्तर येते : “ते शहर स्वस्त आहे.” माझी पुतणी शेफील्ड येथे एक वर्ष राहून पदवी घेऊन परतली. तिने सांगितलेल्या हकिकती आणि तिची हिशेबाची वही यांच्या आधारे या ‘स्वस्त’ शब्दाची थोडी फोड आपणांपुढे करावी, एवढाच माझा हेतू आहे.

शेफील्ड हे टेकड्यांवर वसलेले गाव. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्स्ली व रिव्हेलिन अशा पाच नद्या त्यातून वाहतात. त्यांच्याच पाण्यावर पूर्वी चाकू-कात्र्यांना धार लावणारी जाती फिरत असत. हंट्समन नावाच्या कारागिराने अठराव्या शतकात मुशीतले पोलाद येथेच केले आणि १९१३ साली ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद येथेच काढले. आपल्या स्वयंपाकघरातील ‘स्टेनलेस’च्या डब्याचे कूळ या गावापर्यंत जाऊन भिडते म्हणाना! पुढे पोलादाचे दिवस ओसरले, कारखाने बंद पडले. कामगारांसाठी व कारागिरांसाठी बांधलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगांतून आज पाचपाच, सहासहा विद्यार्थी एकत्र बिऱ्हाड करतात. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, चूल मात्र सामाईक. ज्या स्वस्ताईचे आपण कौतुक करतो, तिच्या मुळाशी दुसऱ्या कोणाच्या तरी हातचे गेलेले काम आहे, हेही ध्यानात असावे.

पुतणीच्या घरात ती धरून पाच जण होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाळ्या लावल्या. पीठ, तांदूळ, डाळी यांची मोठी पोती लंडन रोडवरील दुकानांतून आणायची, दोघांनी वाहून न्यायची आणि वहीत मांडायचे. सोमवारी पोळ्या एकाकडे, भांडी दुसऱ्याकडे. गाव सगळे चढउताराचे, परंतु तीन मैलांच्या आत वर्ग, ग्रंथालय व बाजार असल्याने ही मुले बहुधा पायीच हिंडत आणि मोटारभाडे वाचवीत. रविवारी गावाबाहेरच्या डोंगराळ मुलुखात जावे, त्याला पैसा पडत नाही. हे सारे ऐकताना मला आपल्या वसतिगृहातील १९६७ साल आठवले. तीच पाळी, तीच वही, तोच पिठल्याच्या पातेल्यावरून होणारा तंटा. फरक एवढाच की आमच्या पाठीशी गृहपती होते आणि त्यांच्या पाठीशी कोणी नव्हते.

आता या शेफील्डच्या विद्यापीठाची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. फर्थ नावाच्या पोलादाच्या कारखानदाराने १८७९ साली तेथे एक कॉलेज काढून दिले. त्याचे विद्यापीठ करावयाचे ठरले तेव्हा १९०४ साली गावात वर्गणी निघाली आणि गिरणी-भट्टीतले कामगार, खाणमजूर यांनी पेनी-पेनी देऊन पन्नास हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. १९०५ साली विद्यापीठाची सनद मिळाली. मँचेस्टरचे कॉलेजही एका सुताच्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून १८५१ साली निघाले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दरवाजा ज्यांना बंद होता, त्यांनी आपल्या गावात आपले विद्यामंदिर बांधले, असा हा प्रकार होय.

हे ऐकून आपणांस आपल्या मुष्टिफंडाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारची बोर्डिंगे चालविली. कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले सौभाग्यलेणेही त्यात घातले. त्याच्याही आधी, १९०१ साली, राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहे त्या गावी उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली निघाले. खेड्यातील मुलाची अडचण शाळेच्या फीपेक्षा शहरात निजायचे कोठे आणि जेवायचे काय ही आहे, हे त्या राजाने नेमके ओळखले होते. आपल्या नाशिकातही १९१४ साली मराठा विद्याप्रसारक समाजाची स्थापना झाली आणि १५ एप्रिल १९२० रोजी उदोजी वसतिगृहाची कोनशिला बसविण्यास शाहू महाराज स्वतः आले. चारच वर्षांनी, १९२४ साली, गोखले एज्युकेशन सोसायटीचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय येथे निघाले. दिंडोरी, कळवण, सुरगाण्याकडील ज्या घरांना मुंबई-पुण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, त्यांना नाशिक जवळ आणि स्वस्त पडू लागले. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागून शिकणाऱ्या मागच्या पिढ्यांना जे गावोगाव शोधावे लागे, ते बोर्डिंगच्या पंगतीत मानाने मिळू लागले. नाशिकची ही स्वस्ताई आपोआप आलेली नाही. ती माणसांनी वर्गण्या देऊन केलेली आहे.

आता शेफील्डच्या वहीकडे वळू. विद्यार्थ्याच्या परवान्यासाठी ब्रिटिश सरकार निर्वाहापुरती रक्कम हाताशी असल्याचा दाखला मागते. २०२५ च्या आरंभी ती लंडनसाठी दरमहा १,४८३ पौंड व लंडनबाहेर १,१३६ पौंड होती, आणि ती नऊ महिन्यांची दाखवावी लागे. म्हणजे लंडनबाहेर १०,२२४ पौंड. लंडनपेक्षा ३,१२३ पौंडांचा हा फरक खरा आहे आणि मध्यम स्थितीच्या घराला तो थोडा नव्हे. शिवाय आरोग्यसेवेचा आकार वर्षाला ७७६ पौंड, एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाला तो १,१६४ पौंडांवर जातो आणि परवान्याच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो. ही सारी राहण्याची बाजू झाली. अभ्यासक्रमाचे शुल्क मात्र परदेशी विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर आहे. तेव्हा शहर स्वस्त, शिक्षण महाग, असे म्हणणे अधिक सरळ ठरेल.

“मुलगा तिकडे काम करून भागवील,” असे काही पालक म्हणतात. सत्र चालू असता आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक काम करण्यास पदवीच्या विद्यार्थ्याला मुभा नाही. एप्रिल २०२५ पासून एकवीस वर्षांवरील माणसाचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झाले. म्हणजे काम मिळालेच तर आठवड्याला अदमासे २४४ पौंड, तेही कर वगैरे धरण्यापूर्वी. यातून भाडे व पोट भागेल, शुल्क फिटणार नाही. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदतही, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दीडच वर्षाची राहील, असे तेथील सरकारने जाहीर केले. कर्जफेडीचा हिशेब मांडणाऱ्याने ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

परंतु वहीत न येणारी एक बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. डिसेंबरात तेथे चारच्या आत सूर्य मावळतो. ज्या मुलाच्या मागे निफाडकडची द्राक्षबाग गहाण आहे, त्याला त्या अंधारात ताप आला, परीक्षेत कमी पडले, वा नुसतेच उदास वाटले, तरी तो घरी दूरध्वनीवर “बरे चालले आहे” यापलीकडे काही बोलत नाही. पुतणीच्या घरातील एक मुलगा तीन आठवडे वर्गाला गेला नव्हता. सामाईक चुलीवरची त्याची पाळी चुकू लागली, तेव्हा कोठे इतरांच्या ध्यानात आले. मग त्यांनी त्याला विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे नेले आणि तो सावरला. एकट्याच्या खोलीत राहिला असता, तर कोणाला कळले असते? गृहपतीचे काम तेथे त्या पाळीच्या कागदाने केले.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यासाठीच हे भाषण आहे. आपल्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरील खोल्या रिकाम्या आहेत, छप्पर गळते आहे, आणि दुरुस्ती निधी परदेशी शिक्षणाच्या कर्जनिधीत वळवून इमारतीचे मंगल कार्यालय करावे, अशी सूचना काही बंधूंनी केली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. तथापि तिला माझा विरोध आहे. एका मुलाला विलायतेस पाठविण्यात जो पैसा खर्ची पडतो, त्यात सुरगाणा-पेठकडील कित्येक मुले येथे पदवीपर्यंत राहू शकतील. आणि खोल्या रिकाम्या आहेत म्हणून गरज संपली असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट सांगावी : आपल्या दारावर मुलींना प्रवेश कधी दिला? त्या आज गंगापूर रोडला खाटेचे भाडे भरून राहतात. माझी पुतणी शेफील्डला घर करू शकली, पण तिच्या काकाच्या वसतिगृहात तिला एक रात्रही राहता आले नसते.

विलायतेला जाऊ नका असे मी म्हणत नाही. शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती २००३ पासून चालू आहे, ही त्याच परंपरेची वाढ होय. आपल्या मंडळानेही कर्ज द्यावे. मात्र स्वतंत्र वर्गणी काढून द्यावे, आणि अर्जदाराबरोबर आईवडिलांना समितीपुढे बसवून सारी वही मांडल्यानंतरच द्यावे. यापूर्वी जाऊन आलेल्यांनी नव्या मुलास दर पंधरवड्यास एक पत्र वा दूरध्वनी करण्याचे पत्करावे.

वरच्या मजल्याची दुरुस्ती करून तो येत्या जूनपासून मुलींसाठी स्वतंत्र जिन्यासह उघडावा, असा ठराव मी अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने मांडीत आहे. खर्चाचा अंदाज व ठरावाची प्रत दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. मतदान जेवणानंतर व्हावयाचे असल्याने ती सर्वांनी तत्पूर्वी वाचून घ्यावी, विशेषतः भगिनींनी.