जुन्या मोटारीचा नवा लगाम

इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर उत्तरपाड्याच्या कारखान्यात घडणारी अँबॅसडर 2014 साली बंद झाली. तिच्यावर जीव असणारे आज साठीच्या दशकातील एखादी गाडी हुडकून पुन्हा उभी करतात, आणि रंगरोगण आटोपले की पहिली पृच्छा होते ती ब्रेकांची : चारी चाकांचे मूळ ड्रम काढून डिस्क बसवावेत काय ?

पृच्छा रास्त आहे. वेग दुप्पट झाला की गाडी थोपवताना शमवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, आणि ती बहुतांशी उष्णता होऊन ब्रेकांतच उतरते. ड्रम म्हणजे बंद डबा. लांबच्या उतारावर, मग तो खंडाळ्याचा असो वा मसुरीचा, तो तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पेडल खाली जाते आणि गाडी मात्र आवरत नाही. डिस्क वाऱ्यावर उघडी फिरते, म्हणून लवकर निवते. 1953 साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने बाजी मारली, तेव्हा हा गुण साऱ्या जगाच्या नजरेस आला.

परंतु ड्रमही काही बावळट नव्हे. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून थोड्या दाबात काम भागते. डिस्कपाशी ही फुकटची मदत नाही. नुसत्या डिस्क बसवल्या, तर पेडल दगडासारखे लागते आणि मालक मिस्त्रीला बोल लावतो. त्यासाठी इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर हवा. मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो. कारण कॅलिपरच्या रुंद दट्ट्यांना तेल अधिक लागते, आणि ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप तशीच राहिली, तर पॅड डिस्कला घासत राहतात. मागच्या चाकांचे तर निराळेच. ब्रेक लागताच भार पुढे झुकतो व ती हलकी होतात. तेथे दाब जास्त पोचला, तर ती आधी जाम होऊन गाडी ओल्या रस्त्यावर गर्रकन फिरते. तो दाब मापात ठेवावाच लागतो.

माझ्या मते मागचे ड्रम राहू द्यावेत, डिस्क पुढेच बसवावेत. अखेरच्या काळातील काही अँबॅसडर कारखान्यातूनच तशा निघत. मास्टर सिलिंडर मात्र दोन कप्प्यांचा घ्यावा. एक नळी फुटली तरी दुसरी शाबूत राहते, आणि मला डिस्कपेक्षाही हा लाभ मोठा वाटतो. ज्यांची गाडी रविवारीच शहरात फिरते, त्यांनी ड्रम खराद करून घ्यावेत, नवे लायनर लावावेत व ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदलावे; तेवढे पुरे.

काढलेले ड्रम भंगारात घालू नयेत, ग्रीस लावून फळीवर ठेवावेत. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढील गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, ती मूळ रूप राखण्याच्या अटीवर. आणि अटीचा अर्थ कोणता निरीक्षक कसा लावील, हे सरकारी नोकरीत केस पिकवलेल्या माणसाने छातीठोकपणे सांगू नये.