गाव पडले तरी शाळा भरली पाहिजे

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभाच्या निमित्ताने ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



देवाच्या कार्यात कीर्तनकार सोडून मास्तराला बोलावयास उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. पण समितीच्या मंडळींचा आग्रह मोडवेना. माझा सारा जन्म प्राथमिक शाळेत गेला, दुसरे काही मला येत नाही, तेव्हा मी शाळेविषयीच बोलणार. तीही नेहमीच्या शाळेविषयी नव्हे. गाव कोसळल्यावर जी शाळा पुन्हा भरते, तिच्याविषयी. आजच्या शुभदिनी हा विषय कशाला, असे कोणी मनात म्हणेल. परंतु जीर्णोद्धार म्हणजे तरी काय? जे ढासळले ते पुन्हा उभे करणे. म्हणून विषय अगदीच परका नाही. शिवाय देऊळ आणि शाळा यांचे नाते जुने आहे. कितीतरी गावांच्या पहिल्या शाळा देवळाच्या ओसरीत नाही तर चावडीत भरल्या आणि पोरे देवळाच्याच खांबाला पाठ लावून पाढे म्हणू लागली.

आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत मोठी आपत्ती किल्लारीची. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांतून गणपती बोळवून माणसे दमून झोपली आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हलली. तिकडची घरे आपल्याकडच्यासारखी कौलारू नव्हेत. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर घातलेला मातीचा जाड थर. पाऊस गळू लागला की वर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात घर गार राहते खरे, पण तेच ओझे त्या रात्री झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगतात. ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती जुन्या जागेवर पुन्हा न बांधता नव्या जागी वसवावी लागली.

पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मदत येऊ लागली, पत्रे आले, धान्य आले, कपड्यांचे ढीग पडले. मोठी माणसे पंचनाम्याच्या रांगेत, नाही तर ढिगाऱ्यात संसाराचे काही सापडते का ते पाहत. मग लहान पोराने दिवसभर करायचे काय? ते त्याच ढिगाऱ्याभोवती फिरणार, तेच पाहणार, तेच ऐकणार. अशा वेळी कोणी मांडवाखाली, कोणी पत्र्याच्या शेडमध्ये पोरे गोळा करून बसवली, तीच त्या गावाची शाळा. फळा नसेल, पुस्तके मातीखाली गेली असतील. गुरुजींचे स्वतःचे घरही पडलेले असेल, घरातली माणसे गेलेली असतील. तरी घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी झाली, की पोराला दिवसाचे चार तास कळतात. आता हे, मग ते, मग सुट्टी. दुःखातल्या मुलाला उपदेश नको असतो, त्याला वेळापत्रक हवे असते. चाळीस वर्षे पोरांत काढून हे माझे ठाम मत झाले आहे.

हजेरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्याला वाटते हजेरी घेणे म्हणजे सोपे काम. पण ज्या वर्गातली काही मुले गेली, तिथे हजेरीपट उघडून नावे कशी वाचायची? गेलेल्याचे नाव वाचावे तर पोरे रडतात, गाळावे तर पोरे मास्तरांच्या तोंडाकडे बघतात. प्रशिक्षणात हे कोणी शिकवत नाही. माझे मत विचाराल तर नाव गुपचूप खोडू नये. एकदा सर्वांसमोर मोठ्याने घ्यावे, दोन मिनिटे सर्वांनी उभे राहावे, आणि मग नवा हजेरीपट लावावा. कोणी याहून चांगले सुचविले तर मी ऐकेन.

किल्लारीनंतर मुलांच्या शिक्षणासाठी जे काम झाले त्यात आपल्या पुणे जिल्ह्याचा हात मोठा होता, हे नव्या पिढीला फारसे माहीत नाही. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातून सुमारे १,२०० मुले पुण्यास आणली, आणि नगर रस्त्यावरील वाघोलीला त्यांच्या शिक्षणाची व राहण्याची कायमची सोय उभी केली. बाराशे मुले म्हणजे बाराशे ताटे, बाराशे अंथरुणे, बाराशे आजारपणे. एका सणाचा महाप्रसाद करताना आपली काय धांदल उडते ते आपण पाहतोच. हे तर वर्षानुवर्षांचे काम. याच संघटनेने पुढे २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर तीन महिन्यांत साडेतीनशेहून अधिक तात्पुरत्या शाळा तिकडे उभ्या केल्या.

दुसरी वाट काहींनी धरली ती मुलांना तिथेच ठेवण्याची. समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे राहिले. भूकंपात पोरकी झालेली मुले तिथे राहून शिकली. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी, जिचे विद्यालय आपल्या निगडीत आहे, ती मदतकार्यासाठी गेली आणि लोहारा तालुक्यातल्या हराळी गावी मुक्कामालाच राहिली. तिथे निवासी शाळा काढली. नुसती पुस्तकी शाळा नव्हे, शेती आणि कामधंद्याची जोड असलेली. डॉ. स्वर्णलता भिशीकर पुण्यातले जीवन सोडून त्या माळरानावर जाऊन राहिल्या.

आता या दोन वाटांत बरी कोणती? मुले शहरात नेल्याने त्यांना उत्तम शिक्षण मिळाले, ती ढिगाऱ्यापासून दूर गेली, आणि त्यांतली कितीतरी आज आपापल्या पायांवर उभी आहेत. हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. त्या वेळी तिकडे तंबूसुद्धा पुरत नव्हते. तरी मास्तर म्हणून माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. ज्या गावात पोरे नाहीत ते गाव पुन्हा उभे राहताना नुसती घरे उभी राहतात. सकाळी शाळेची घंटा ऐकू आली की मोठी माणसेही उठून कामाला लागतात. पोराचा डबा करायचा म्हणून आई चूल पेटवते. शाळा मुलांना सावरते हे सर्वच सांगतात. मुले शाळेत जातात म्हणून गाव सावरते, हे मात्र फार थोडे सांगतात.

किल्लारी दूरची वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातले माळीण घ्या. आंबेगाव तालुका, भीमाशंकरच्या डोंगरातले गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, शाळा भरायला अजून अवकाश असताना, डोंगराचा कडा चिखल होऊन वस्तीवर आला. १५१ माणसे गेली. नेहमीप्रमाणे एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला जिथे गाव असायला हवे तिथे गाव दिसेना. त्याने खबर दिली म्हणून बाहेरच्या जगाला कळले. तळेगावचे आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान भर पावसात कित्येक दिवस चिखल उपसत होते. आणि एवढ्या प्रलयात जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत मात्र उभी राहिली. भिंती शाबूत, वर्ग शाबूत. पण त्या वर्गांत बसणारी कितीतरी पोरे त्या वेळी आपापल्या घरी होती.

जी वाचली त्यांचे गाव आमडे येथे नव्याने वसविले आणि २ एप्रिल २०१७ रोजी ते लोकांच्या ताब्यात दिले. नव्या गावात घरांबरोबर शाळाही बांधली. पण त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या रस्त्यांना, भिंतींना तडे गेले आणि लोक पुन्हा भयभीत झाले. डोंगर कोसळताना पाहिलेल्या मुलाला त्या तड्याकडे पाहून काय वाटले असेल, याचा विचार करावा. अशा मुलांना शिकविणाऱ्या गुरुजींना पावसाळाभर खिडकीबाहेर एक डोळा ठेवूनच गणित घालावे लागत असेल.

त्यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी गाडली गेली. त्या वाडीची काही मुले आश्रमशाळेत राहत होती, म्हणून वाचली. सुट्टीत ज्या घरी जायचे ते घरच राहिले नाही, त्या मुलांना आश्रमशाळा हेच घर झाले. यावर मी अधिक बोलत नाही. बोलवत नाही.

आता थोडे रुक्ष पण उपयोगाचे. प्रत्येक प्राथमिक शाळेत एक जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, आई-वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, कधी दाखल झाला, कधी गेला, सर्व त्यात. घर पडले, पेटी वाहून गेली, रेशनकार्ड, जन्माचा दाखला सगळे मातीत मिळाले, तरी ते एक रजिस्टर शाबूत असले तर माणूस सरकारदरबारी पुन्हा जन्माला येतो. अलीकडे मुलांची माहिती संगणकावर भरतात, ‘सरल’ वगैरे व्यवस्था झाली, हे चांगले झाले. पण आपल्यापैकी साठी उलटलेल्यांची नोंद आजही त्या पिवळ्या पडलेल्या वहीतच आहे. ती वही लाकडी कपाटाच्या तळच्या फळीवर, वाळवीच्या आणि पाण्याच्या वाटेत असता कामा नये.

हे सर्व मी पुनावळ्यात का सांगतो? आपले गाव १९९७ साली महानगरपालिकेत आले. हमरस्ता गावाला लागून गेला, पलीकडे हिंजवडी वाढली, जिथे भुईमूग आणि ज्वारी होती तिथे मजल्यांवर मजले चढले. आज आपल्या चाळींत, खोल्यांत लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडची माणसे भाड्याने राहतात आणि त्यांची पोरे आपल्या पालिकेच्या शाळेत येतात. त्यांतल्या चाळिशी-पन्नाशीच्या एखाद्या लातूरकराला एकदा चहाला बोलावून विचारा की त्र्याण्णव साली तू कितवीत होतास, आणि त्यानंतर शाळा कुठे भरली. मग माझ्या भाषणाची गरज उरणार नाही.

आपण डोंगराखाली राहत नाही, पण पवनेच्या खोऱ्यात राहतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हाच्या गोष्टी वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत. आता दरसाल धरणातून पाणी सोडले आणि नदी फुगली की शहरातल्या काठच्या वस्त्यांतील कुटुंबे पालिकेच्या शाळांत हलवितात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरलाही तेच झाले. माणसांना निवारा मिळतो हे योग्यच, त्याला कोण नाही म्हणेल? पण शाळा निवारा झाली की शाळा बंद होते. पूर ओसरतो, कुटुंबे जातात, मग वर्ग धुवायचे, चिखल काढायचे, भिजलेली पुस्तके उन्हात घालायची. पोरांचे किती दिवस गेले याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

म्हणून समितीकडे माझे एक मागणे आहे. आपण आज इतका प्रशस्त सभामंडप बांधला आहे. वर पक्का स्लॅब आहे, शेजारी पाण्याची टाकी आहे, स्वयंपाकाची भांडी आहेत. देणगीदारांच्या नावाच्या फरशा लागल्या आहेत, त्या लागायलाच हव्यात. अडचणीच्या प्रसंगी माणसांना पहिला आसरा या मंडपात द्यावा, आणि शाळा शाळेसाठी मोकळी राहू द्यावी. आणि कधी शाळेच्याच भिंतीला धोका झाला, तर मंडपात चार वर्ग बसतील अशी जागा आहे. खांबाला फळा टांगता येईल असे चार हूक गवंड्याकडून आताच बसवून घ्यावेत. गवंडी अजून गावात आहे, काम अर्ध्या दिवसाचे आहे.

मंडपाची एक किल्ली पुजाऱ्याकडे असते, एक अध्यक्षांकडे. तिसरी जून ते ऑक्टोबर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावी, आणि तसा ठराव समितीच्या वहीत लिहून ठेवावा. देणगीदारांना विनंती अशी की, जी रक्कम शिल्लक आहे असे मघाशी खजिनदारांनी सांगितले, तिच्यातून शाळेला एक लोखंडी कपाट घेऊन द्यावे. त्यात जनरल रजिस्टर राहील. कपाट वरच्या मजल्यावर ठेवावे.

महाप्रसादाची वेळ झाली आहे, पंगती खोळंबल्या आहेत. मघापासून शाळेची पोरे पुढे बसून माझ्याकडे पाहत आहेत, त्यांची भूक मला दिसते आहे.