आकड्याशेजारचा शब्द
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



संगणक शिकणे म्हणजे आकडेमोड शिकणे, असा पुष्कळांचा समज आहे. आज मी आकड्यांशेजारी लिहिलेल्या शब्दांविषयी थोडे बोलणार आहे.

पुणे जिल्ह्यात खोडद येथे ३० अँटेनांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींनी टिपलेली आकाशाची चित्रे ‘फिट्स’ नावाच्या फाईलमध्ये ठेवतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही जगभर चालते. फाईलच्या आरंभी माहितीच्या ओळी असतात. प्रत्येक ओळ नेमकी ८० अक्षरांची, जुन्या पंचकार्डासारखी. पहिल्या ८ जागांत नाव, मग बरोबरचे चिन्ह, पुढे एकेरी अवतरणचिन्हांत शब्द आणि तिरप्या रेघेनंतर टीप.

नवशिका विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितो : तिरपी रेघ दिसली की ओळ तोडायची. बहुतेक ओळींवर हे बिनचूक चालते. पण एककाच्या ओळीत पुष्कळदा ‘जान्स्की/बीम’ असे असते. रेघ शब्दाच्या आतच! प्रोग्रॅम नुसते ‘जान्स्की’ वाचतो आणि तक्रारही करीत नाही. बीम म्हणजे दुर्बिणीला वेगळा ओळखता येणारा लहानात लहान ठिपका. तो चित्रातील २० चौकटी व्यापत असेल, तर चौकटींच्या बेरजेला २० ने भागावे लागते. ते राहिले की तेज २० पट फुगते.

उपाय सोपा आहे. आधी उघडणारे अवतरणचिन्ह शोधा, बंद होणाऱ्या चिन्हापर्यंत वाचा, टीप त्यानंतर शोधा. दोन चिन्हे लागोपाठ आली तर तो शेवट नव्हे, ते मजकुरातलेच एक चिन्ह समजा. शब्दामागच्या रिकाम्या जागा सोडून द्या. पायथन भाषेतील ‘ॲस्ट्रोपाय’ हे विनामूल्य साधन हे सारे करून देते. तरी एकदा स्वतः करून पाहा.

एककाची चूक लहान नसते. १९९९ साली नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान मंगळापाशी नष्ट झाले. एका प्रोग्रॅमने पौंड-सेकंदात लिहिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वाचले होते.

म्हणून पालकांना विनंती : मुलाने उत्तर दाखवले की “किती आले?” एवढ्यावर थांबू नका. “किती काय?” हेही विचारा. ही सवय घरी लागली, तर पुढे प्रयोगशाळेतही ती सुटणार नाही.